शिलाई मशिनं वाटायची की केंद्र चालवायचं?

कापडचोपड (धागाकर्ता)

तालुक्याच्या ठिकाणी महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे कंपनीचा निधी आला की पहिला ठराव शिलाई मशिनांचा होतो. समजा दोन लाख आले. साधं काळं पायमशीन टेबल-स्टँडसह आठ हजारांच्या आसपास पडतं. म्हणजे २५ बायकांना वाटप, हारतुरे, फलक, फोटो आणि विषय संपला.

माझं मत: वाटप बंद करा, त्याच पैशांत केंद्र चालवा. १० मशिनं ८०,०००. कापडाच्या कडा बांधायची दोन इंटरलॉक मशिनं १६,०००. पिको-फॉलचं एक १२,०००. कापायचं टेबल आणि इस्त्री १२,०००. शिक्षिकेचं मानधन महिना १०,००० प्रमाणे सहा महिने ६०,०००. सरावाचं कापड, दोरा, सुया, दुरुस्ती २०,०००. झाले दोन लाख. सकाळ-दुपार दोन तुकड्या, प्रत्येकीत दहा जणी.

कारण अडतं ते कटिंगला. तीन महिन्यांच्या वर्गात पिशवी, परकर, झबलं, फ्रॉक होतात आणि ब्लाउज शेवटच्या आठवड्यात उरकतात. गिऱ्हाईक मात्र अस्तराचं कटोरी नाहीतर प्रिन्सेस कट मागतं. मुंढा, म्हणजे बाहीचा घेर, फार खाली कापला की हात वर करताना अख्खं ब्लाउज वर सरकतं. माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, अर्धा इंचही ठेवली नसेल तर उसवून मोठं करायची सोय राहत नाही. दोनशेच्या शिलाईपायी सहाशेचं कापड भरून द्यायची वेळ एकदा आली की बाई मशीनवर चादर टाकते ती कायमची.

दुपारचा_चहा

कागदावर छान आहे. पण अकरा वाजता केंद्रात येणार कोण? कापूस वेचणीला, सोयाबीन काढणीला मजुरी मिळते तेव्हा केंद्रात शिक्षिका एकटीच बसलेली असते. घरचं मशीन चालतं ते दुपारी दोन ते चार आणि रात्री पोरं झोपल्यावर. ती वेळ तुमचं केंद्र देऊ शकत नाही.

शिवाय दहा मशिनं वीस हातांखाली गेली की ती कुणाचीच नसतात. बॉबिन केस हरवते, सुई बोथट झाली तरी कुणी बदलत नाही. तेल संपलं की कुणीतरी खोबरेल घालतं. ते थंडीत गोठतं, एरवी धूळ धरून चिकट होतं आणि शटल जड फिरायला लागतं. मग ‘मशीनच खराब आहे’ म्हणून ते कोपऱ्यात जातं.

कापडचोपड

हे तर घरच्या मशीनचंही होतं, उलट तिथे सांगणारं कुणी नसतं. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की बाई बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसते. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो: तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. टाका सुटत असेल तर सुईची सपाट बाजू उलटी बसली आहे का ते आधी बघावं. पाय मारूनही चाक घसरत असेल तर पट्टा सैल झालाय. थोडा कापून पुन्हा क्लिपने जोडला की झालं. ही पाच मिनिटांची कामं. पण न शिकवल्यामुळे तालुक्याच्या मिस्त्रीकडे मशीन न्यायचं भाडं पडतं, आणि तेवढ्यासाठी ते महिनोन्‌महिने पडून राहतं. वाटपाच्या दिवशी हे अर्धा तास दाखवलेलं कधी बघितलंय?

खतावणी

दोघंही फुकटच्या पैशांवर भांडताय. अंशदान, म्हणजे बाईचा स्वतःचा वाटा, घ्या की. मशीन आठ हजारांचं. बाईने दोन हजार आधी भरायचे, उरलेले सहा हजार महिना पाचशेने वर्षभरात, बिनव्याजी, बचत गटामार्फत. आलेला पैसा फिरता ठेवायचा. २५ जणींचे सगळे हप्ते आले तर वर्षाअखेर दोन लाख पुन्हा हातात.

नियमाचीही एक बाजू आहे. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, पैशातून मशिनांसारखी भांडवली मालमत्ता घेतली तर २०२१च्या दुरुस्तीनुसार ती सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर असावी लागते. त्यामुळे सुटं वाटप करण्यापेक्षा गटाच्या दप्तरात नोंद केलेली बरी. आणि ‘शिक्षिकेचा पगार ५ टक्क्यांच्या प्रशासकीय मर्यादेत बसत नाही’ हे संस्थांचं लाडकं कारण चुकीचं आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवायचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. प्रस्तावात मानधन प्रकल्पखर्चात दाखवा.

उंबरठा

खतावणी, नियमाचं पटलं, अंशदानाचं नाही. दोन हजार रोख काढू शकणारी बाई गटात आधीच आहे, तिला गटाचं अंतर्गत कर्जही मिळतं. विधवा, टाकलेली, ऊसतोडीला जाणारी बाई गटातच नसते, कारण सहा महिने गाव सोडलं की नियमित बैठक आणि नियमित बचत ही बचत गटांच्या पाच नियमांतली, पंचसूत्रीतली, पहिलीच दोन सूत्रं मोडतात. तुमची चाळणी नेमकं जिच्यासाठी काम करायचं तिलाच गाळते.

खतावणी

मग तिच्यासाठी आगाऊ रक्कम शून्य ठेवा आणि हप्ता काम सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यापासून घ्या. पण शून्य अंशदान सरसकट नको. फुकट आलेलं मशीन अडचणीच्या महिन्यात निम्म्या किमतीला जातं आणि संस्थेला कळतही नाही.

उंबरठा

विकलं तर विकलं. त्या महिन्यात घरात दवाखाना निघाला असेल तर ते मशीन कामालाच आलं म्हणायचं. तुमच्या अहवालातला रकाना रिकामा राहील, एवढंच.

सरकारी_कागद

मशीन हवंच असेल तर संस्थेचा पैसा त्यात घालायचाच कशाला? सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये दर्जी, म्हणजे शिंपी, आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के दराने एक लाखापर्यंत पहिलं कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. अर्ज अडतात ते तिथे, नाहीतर आधारशी जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे असतो म्हणून. संस्थेने एक कार्यकर्ती एवढ्याच कामाला लावावी. आठवड्याभराचं प्रशिक्षण कटिंगला पुरणार नाही हे मान्य. तिथे कापडचोपड यांचं केंद्र घाला.

बाजाराचा_दिवस

विकायचं कुठे, हे कुणी बोलेना. दीड हजार वस्तीच्या गावात दोन-तीन जणी आधीच ब्लाउज शिवतात. तिथे आणखी पाच मशिनं टाकली की शिलाई दोनशेवरून दीडशेवर येते, आणि पाचही जणी लग्नसराई सोडून रिकाम्या.

गणवेशाचं काम मिळेल म्हणाल, तर २०२४-२५ आठवा. राज्याने एकाच प्रकारचं कापड घेतलं, शिवायचं काम माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) मार्फत बचत गटांकडे दिलं. शिलाई आणि किरकोळ खर्च धरून गणवेशामागे ११० रुपये. कापड उशिरा पोचलं, मापं जुळली नाहीत, पोरं जुन्या कपड्यांत शाळेत गेली. पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे.

कापडचोपड

यावरूनच केंद्र लागतं हे दिसतं. शंभर चड्ड्या एकसारख्या हव्यात तर एकीने थर लावून कापायचं, दुसरीने इंटरलॉक मारायचं, तिसरीने काज-बटण, आणि एकीने फक्त माप तपासायचं. पंचवीस घरांत पंचवीस पायमशिनं असली तर इंटरलॉक कुणाकडे?

दुपारचा_चहा

ठीक, इंटरलॉक आणि पिको केंद्रात ठेवा, वापरायचे नगामागे दहा-वीस रुपये घ्या. पण पायमशीन घरीच हवं, यावर मी ठाम आहे. आणि केंद्राची किल्ली शिक्षिकेकडे नको. ती पाचला जाते, बायका मोकळ्या होतात सातनंतर.

बाजाराचा_दिवस

सातनंतर भारनियमन असेल त्या गावात पिकोची मोटर कशावर चालवणार, तेही त्या दोन लाखांत बसवून दाखवा.