मदत हवी आहे: हाताने कातलेली लोकर एकेरीच विणू का दुपदरी करू?

नमस्कार मंडळी, इथे कोणी सूत किंवा लोकर कातणारे असतील तर प्लीज सांगा, मी पार अडकलेय.

माझ्याकडे दख्खनी मेंढीची काळी लोकर आहे, माण तालुक्यातल्या एका धनगर ताईंकडून आणलेली. बरीचशी जावळाची आहे, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, त्यामुळे घोंगडीच्या नेहमीच्या लोकरीपेक्षा मऊ लागते. ती पिंजून मी टकळीवर कातते आणि त्यातून बाबांसाठी बिनबाह्यांचं स्वेटर करायचंय, हिवाळ्यात रात्रीची लाईट असली की ते शेतात पाणी द्यायला जातात आणि दुकानातल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यांना नुसता घाम येतो, ऊब काही लागत नाही.

तर प्रॉब्लेम असा की एकेरी धाग्याचा नमुना विणला, एक ओळ सुलट एक ओळ उलट असा साधाच, आणि चौकोन सरळ यायच्या ऐवजी सगळा एका बाजूला कलला. ओला करून टाचण्या लावून वाळवला तरी टाचण्या काढल्यावर परत तिरका. शिवाय धागा जिथे जाड आहे तिथे पीळच बसत नाही, तिथून तो ओढला की कापसासारखा सुटतो. दोन पदर एकत्र पिळले तर हे थांबतं असं वाचलंय, पण मग तेवढ्याच लोकरीत लांबी निम्मी होणार आणि धागा दुप्पट जाड. आणि मला खरंच एकेरी धागा फार आवडतो हो, त्या काळ्यात मधेच येणारे तपकिरी केस एकेरीत काय सुंदर दिसतात!

अजून एक, घोंगडी तर एकेरी धाग्याचीच असते ना? ती वर्षानुवर्षं टिकते, पावसात चालते, मग स्वेटरलाच दोन पदर कशाला लागावेत?

माणदेशी
ताई, शेवटचा प्रश्न एकदम बरोबर विचारलात, उत्तर त्यातच आहे. घोंगडीत धागा सरळ असतो. सणगर, म्हणजे घोंगड्या विणणारे, ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावतात त्यामुळे केस चिकटून बसतात आणि धागा मागावर घासला तरी सुटत नाही, वरून बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून बसवलेला. म्हणजे धाग्याला उलगडायला जागाच नाही. विणकामात उलट आहे, प्रत्येक टाका हा मोकळा फास, आणि एकेरी धाग्यात एकाच दिशेचा पीळ भरलेला असतो तो सुटायला बघतो, प्रत्येक फास थोडा थोडा फिरतो आणि सगळं कापड कलतं. धुवून टाचण्या लावून हे जात नाही कारण दोष विणण्यात नाहीच, धाग्यात ताकद साठलेली आहे.

दुपदरी करताना पीळ उलट्या दिशेने द्यायचा. कातताना टकळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत असाल तर आता उलटी. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, धागा शांत होतो, आणि एकाची बारीक जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जाड जागेशी येते म्हणून तुटणंही कमी. बाबांच्या अंगावर रोज घासणार असेल तर मी डोळे झाकून दुपदरी म्हणेन. जाडी मात्र आधीच ठरवा, एकेरी धागा आत्तापेक्षा निम्मा बारीक काता, आहे तोच जाड धागा दुहेरी केलात तर स्वेटर नाही, घोड्याचं जीन होईल.

पेटीचरखा
वरच्यांशी सहमत, मी कापूसवाला आहे तरी दोन पैसे टाकतो. सुतात हा हिशोब अगदी सरळ दिसतो, २० नंबरचे दोन धागे एकत्र पिळले की साधारण १० नंबरचं सूत होतं, कारण नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लडी बसतात तो आकडा, जाडी वाढली की आकडा खाली. खादीचं कापड एकेरी सुताचंच असतं, तिथेही ताण्याला खळ लागते. आणि पदर कसे बांधतात हे बघायचं तर जानवं बघा, तीन तंतू एकत्र पिळायचे, मग त्याचे परत तीन पदर घेऊन उलट्या बाजूने पिळायचे, असे नऊ तंतू. आमचे आजोबा टकळीवर स्वतः करायचे, त्या दोऱ्याला गाठ मारल्यावरसुद्धा तो वेटोळं घ्यायचा नाही.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! खळीचं आत्ता डोक्यात बसलं. पण काका, उलटा पीळ किती द्यायचा हे कसं कळणार? काल थोडा करून बघितला तर कुठे सैल, कुठे दोरीसारखा कडक.

माणदेशी
त्याला सोपा उपाय आहे. कातता कातता, धागा टकळीवर गुंडाळायच्या आधी, ताजा वीतभर धागा मधोमध दुमडा आणि सोडा. तो आपोआप स्वतःभोवती वळतो. तो तुकडा तोडून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, तुम्हाला हवा तो दुपदरी धागा तोच. पिळताना दर थोड्या वेळाने त्याच्याशी ताडून बघायचं. टकळीवर रात्रभर राहिलेल्या धाग्यावर ही परीक्षा करू नका, पीळ झोपलेला असतो आणि कमी आहे असं वाटतं, भिजवला की परत जागा होतो.

एकेरी धाग्याचे दोन गुंडे बुटाच्या खोक्यात ठेवा, खोक्यातून विणायच्या सुया आरपार घालून त्यावर फिरू द्या, आणि दोन्ही पदरांवर ताण सारखा ठेवा, एक सैल सुटला तर तो दुसऱ्याभोवती नुसता गुंडाळला जातो, मग त्याला पदर म्हणत नाहीत. झाल्यावर लडी कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका, फेल्ट होईल, म्हणजे केस एकमेकांत गुंतून घट्ट बसतील. लडी धरून उचलली की साधी खाली लोंबायला हवी, स्वतःभोवती फिरली तर पीळ कमी-जास्त आहे.

आणि एकेरी इतका आवडतो तर जी जाड लोकर राहील तिचं आसन करा, छोट्या चौकटीवर सुद्धा होतं, तिथे एकेरीच छान. किंवा सगळ्या ओळी सुलट घालून मफलर, त्यात कल फारसा दिसत नाही.

धागाकर्ती
हे भारी आहे, मफलर आईला! पुठ्ठा आजच तयार करते. बारीक कातायला घेतलंय, पण जावळाचे केस आखूड आहेत आणि बारीक करताना मधेच सुटतात, टकळी हवेत सोडण्याऐवजी वाटीत टेकवून फिरवली तर चालेल का? कोणी लोकर तशी कातली असेल तर नक्की लिहा.