मदत हवी आहे: अकरावीतला मुलगा मोहल्ल्यातल्या 'भैया'च्या नादी लागलाय (ग्वाल्हेर)

लष्करवाली:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते. लष्कर भागातल्या एका गोठीत (म्हणजे जुन्या वस्तीत) राहतो, चार पिढ्या इथेच, यापेक्षा जास्त ओळख देत नाही. नवरा मालनपूरला कारखान्यात, आठवड्याआड रात्रपाळी. मुलगा साडेसोळा वर्षांचा.

दिवाळीनंतर त्याच्या पायात नवे बूट दिसले. म्हणाला, मित्राचे. त्याला आठ नंबर लागतो, बूट नऊचे. पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून घालत होता. मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मुलगा खुशीत आहे ना, मग असू दे, असं वाटलं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या भाभी दारात येऊन हळूच म्हणाल्या, तुमच्या मुलाकडे कट्टा आहे, रीलमध्ये दिसला. माझी आई पुण्याहून आली आहे. ती आतून म्हणते, "अगं, या वयात मुलांना कट्टा हवाच!" तिला वाटलं, टवाळक्या करत बसायची जागा. इथे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. दुसरा कुठला दिवस असता तर पोट धरून हसले असते.

रील मी पाहिली. अकरा सेकंदांची. कुणाच्या तरी छतावर पाच पोरं, मधे पंचविशीचा एक जण, त्याला सगळे भैया म्हणतात. माझा मुलगा अगदी कडेला. कट्टा दोन्ही हातांत धरलाय, आरतीचं तबक धरतात तसा. त्याचा स्वतःचा नाही, भैयाचा, 'फक्त व्हिडिओपुरता' दिला होता म्हणे. प्रोफाइलवर नावाखाली लिहिलंय 'बागी'.

रात्री दोन वाजेपर्यंत बसून काढून घेतलं. बाइकवर मागे बसायचं, कुणाचं तरी 'सामान' इकडून तिकडे पोहोचवायचं, कोचिंगच्या गेटवर झगडा असला की गर्दीत उभं राहायचं. सामानात काय असतं ते कधी उघडून बघितलं नाही म्हणतो. पेट्रोल, रिचार्ज, चाऊमीन सगळं भैयाकडून. आणि भैयानं सांगितलंय, "तू नाबालिग है, तेरा कुछ नहीं होगा." हे पोरगं मला धीर द्यावा तसं सांगत होतं!

आता थान्यात जाऊ की नको? गेले तर पहिला माझाच मुलगा आत जाईल का? नाही गेले तर याला काढू कसा? सोडलं तर 'देख लेंगे' असं भैया म्हणतो. मुलाच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही, ते आधी हात उचलतील.

सरळसोट:
दोन थोबाडीत द्या, मोबाइल काढून घ्या आणि आजीबरोबर पुण्याला पाठवून द्या. विषय संपला.

लष्करवाली:
पुण्याला? आई रोज सकाळी मला कोयता गँगच्याच बातम्या वाचून दाखवते.

काळा_कोट:
ताई, मी ग्वाल्हेरलाच वकिली करतो. इथे लिहितोय तो सल्ला ढोबळ समजा, कागद घेऊन कुणाला तरी प्रत्यक्ष भेटाच.

"कुछ नहीं होगा" हे खोटं आहे, आणि भैयाला ते ठाऊक आहे. 18 च्या खालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याची चौकशी किशोर न्याय बोर्डापुढे होते, हे खरं. पण 16 पूर्ण झालेल्या मुलावर किमान 7 वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आला, म्हणजे समजा त्या कोचिंगच्या गेटवर कुणी दगावलं, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची पडताळणी बोर्ड करतं. दुसरं, एरवी अल्पवयीन मुलावर गंभीरातला गंभीर प्रकार नसेल तर एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. पण प्रौढांच्या सोबतीनं केलेला गुन्हा असेल तर ही सवलत नाही. थोडक्यात, भैया शेजारी उभा आहे म्हणूनच तुमच्या मुलाचा धोका वाढतो. बिनपरवाना कट्ट्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 ते 5 वर्षं आहेत.

आता भैयाची बाजू. बाल न्याय कायदा 2015, कलम 83: मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम 95 वेगळं, तिथे 3 ते 10 वर्षं. म्हणून जाताना 'माझ्या मुलाला वापरलं जातंय' असं म्हणत जा. मुलाला माफ करा, अशी विनवणी घेऊन जाऊ नका. सुरुवात थान्यापासूनच करायला हवी असंही नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाल कल्याण समितीकडे जाता येतं. थान्यात गेलातच तर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा, प्रत्येक थान्यात एक नेमलेला असतो.

भैयाचे मेसेज असतील ते जपून ठेवा. घाबरून काही पुसू नका, मुलालाही पुसू देऊ नका. आणि ते सामान पुन्हा घरात आलं तर हात न लावता आधी वकिलाला फोन.

जुना_मुरारकर:
'बागी' वाचून राहवलं नाही. एप्रिल 1972 मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या माधोसिंग, मोहरसिंग यांच्या टोळ्यांनी बंदुका ठेवल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो. बघायला गेलो होतो. गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुकांची रास पडली होती. चंबळेत त्यांना डाकू म्हटलेलं चालत नसे, बागीच म्हणायचं. पण त्या माणसांचे चेहरे आठवतात ते थकलेले. उन्हात रापलेले, आणि बायकामुलं समोर आली की मान खाली. चिरंजीवांना आमच्याकडे चहाला पाठवा, सांगतो.

बाकी आपल्या गावाला बंदुकीचं वेड जुनंच. परवाना हवा तर आधी दहा झाडं लावा, असं 2019 मध्ये कलेक्टरांना सांगावं लागलं होतं. झाडं किती जगली देव जाणे.

थाटीपूरचा:
ताई, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो. पंधरा वर्षं झाली. आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

राजीनामा देऊन यातून कुणी बाहेर पडत नाही. 'मी सोडतोय' असं सांगितलं की त्यांची इज्जत जाते, मग मार पडतो. तुम्ही त्यांच्या कामाचे राहिला नाहीत की आपोआप विसरतात. माझ्या मामांनी मला संध्याकाळी पाच ते नऊ दुकानात बसवला. पाच ते नऊ हीच त्या लोकांची वेळ. आठ-दहा वेळा बोलावलं, प्रत्येक वेळी "मामा छोड़ नहीं रहा". शिव्या मामांना पडल्या, मला नाही. त्याला नाही म्हणायला लावू नका, त्याच्या वतीनं तुम्ही वाईट व्हा.

आणि वडिलांना सांगा. मारतील, मग रडतील. माझ्या बाबांना शेवटी कळलं ते दुसऱ्याच्या तोंडून, ते त्यांना जास्त लागलं.

सामानाबद्दल विचारू का? नशेच्या गोळ्या असायच्या आमच्या वेळी. तो स्वतः घेतो का तेही बघा. घेत असला तर 14446 हा व्यसनमुक्तीचा नंबर आहे.

लष्करवाली:
सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितेय.

यांना सांगितलं. हात उचलला, पण मधेच थांबले आणि छतावर जाऊन बसले. सकाळी दोघं एकत्र चहा पीत होते, काय बोलले मला कळलेलं नाही. 1098 ला फोन केला, समितीपुढे एकदा जाऊन आलो. तिथल्या बाईंनी मुलाला आधी एकट्याला बोलावलं, मग आम्हाला. भैयाबद्दल लेखी दिलंय. थान्यात वकील बरोबर होते, साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यानं विचारपूस केली. गोळ्या घेत नाही, हे तपासून झालं. पाच ते नऊ तो यांच्या मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. परवा तिथे दोन बाइक येऊन उभ्या राहिल्या. मित्रानं पोराला आत खिळे मोजायला पाठवलं आणि स्वतः बाहेर स्टूल टाकून बसला. अर्ध्या तासानं गेल्या. मुरारकर काका, रविवारी आणते त्याला.

एक उरलंच. ते नऊ नंबरचे बूट पेटीत भरून माळ्यावर ठेवलेत. मुलगा म्हणतो परत देऊन येतो, हिशेब मिटेल. हे म्हणतात जाळून टाक. वकीलसाहेब म्हणाले काही पुसू नका, त्यात बूटही आले का? थाटीपूरकर, तुम्ही काय केलं होतं?