मदत हवी आहे: 'केमिकल कमी आहे तर लॅबचा रिपोर्ट दाखवा', सासऱ्यांना काय सांगू?

लालबागची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाई (वय ६४) गेले काही महिने गप्प गप्प असतात. पहाटेच जाग येते, जेवणावर वासना नाही, मध्येच छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम सुरू केली आणि म्हणाले, "मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी झालंय." झालं, गाडी तिथेच अडली.

बाबा एकदम हिशेबी. घरातल्या प्रत्येकाच्या शुगर-कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टांची फाईल तारीखवार लावलेली. ते म्हणतात, "किती कमी? लॅबमध्ये मोजू. आकडा नाही म्हणजे थाप आहे." त्यात गोळी सुरू झाल्यापासून आईंना मळमळतंय, पोटही बिघडलंय. "डोक्याची गोळी पोटात काय करतेय? बंद कर!" आणि आई तर बंद करायला टपलेल्याच.

डॉक्टरांशी फोनवर बोललेय, त्यांनी चालू ठेवायला सांगितलंय. त्यामुळे औषधाचा सल्ला नकोय, बाबांना पटेल असं सोपं स्पष्टीकरण हवंय. 'पॉझिटिव्ह राहा' प्लीज नको.

फार्माकाका

सूनबाई, बाबांचा प्रश्न रास्त आहे, हे आधी त्यांना सांगा. निम्मं काम तिथेच होईल.

शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत बनतं. अन्न पुढे सरकवणं, मळमळ होणं यात त्याचा हात असतो. त्यातलं रक्तात येतं ते बहुतेक प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या पेशींत) साठतं आणि मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःपुरतं वेगळं बनवतो. म्हणजे रक्तात मोजलं तर आकडा येईल, पण तो आईंच्या मनाबद्दल काही सांगणार नाही. गोळी मात्र दोन्हीकडे पोचते, म्हणून पोट कुरकुरतं. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतं.

आता एक गोम. ही गोळी पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढलं जाऊ देत नाही, आणि हा परिणाम काही तासांत सुरू होतो. मन सावरायला मात्र २ ते ६ आठवडे लागतात. नुसतं 'कमी होतं, भरलं' असतं तर संध्याकाळीच फरक दिसला असता. म्हणजे मेंदू हळूहळू स्वतःची घडी बदलतो, आणि ती नेमकी कशी, यावर संशोधक अजून भांडतायत. 'केमिकल कमी' ही डॉक्टरांनी सोयीसाठी सांगितलेली गोष्ट आहे. औषध उपयोगी पडतं, गोष्ट अर्धवट आहे.

धडधडीचं म्हणाल तर ॲड्रेनलिन. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ते रक्तात येतं आणि हृदयाला पळवतं. ईसीजी चांगला असला तरी धडधड खोटी नसते.

जुनीफाईल

बाबांना मुंबईचीच गोष्ट सांगा. इथल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने ब्लडप्रेशर उतरतं हे मांडलं. पुढे तिच्यातलं रेसरपिन जगभर वापरलं गेलं आणि काही रुग्ण उदास होऊ लागले. पाहिलं तर ते मेंदूतले सेरोटोनिन, डोपामिन वगैरेंचे साठे रिकामे करत होतं. १९५७ मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्लसन यांनी रेसरपिनने लुळे पडलेले ससे एल-डोपा (ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो) देऊन पुन्हा हिंडते केले. 'केमिकल कमी'ची कल्पना बरीचशी या काळातली.

लालबागची_सून

दोघांचेही आभार! बाबांनी चष्मा लावून वाचलं. आता विचारतायत, "मग यात मोजण्यासारखं काहीच नाही?"

फार्माकाका

आहे की, सोडियम! या गोळ्यांनी वयस्कर माणसांत ते कधीकधी उतरतं. चक्कर, गोंधळल्यासारखं होणं, मळमळ वाढणं असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. एरवीही तपासणी कधी करायची ते पुढच्या भेटीत विचारा. अंगदुखीची गोळी परस्पर देऊ नका; आईंच्या गोळीने प्लेटलेटमधलं सेरोटोनिन घटतं, त्यात हिची भर पडली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि गोळी मनाने बंद नाही. आई जगणं नकोसं झाल्याचं बोलल्या तर भेटीची वाट न बघता डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलतात.