'चार्ज' : बोजा, आकार, कार्यभार की आरोप?

प्रश्न : एका कर्जकरारात 'चार्ज' हा शब्द तीन अर्थांनी आला आहे. जमिनीवरचा चार्ज, कर्जप्रक्रियेचा चार्ज आणि शाखेचा चार्ज असलेला अधिकारी. अनुवादात तिन्ही ठिकाणी 'प्रभार' लिहिले आहे. कोशात तो शब्द सापडतो, पण वाचणारा अडखळतो. कुठे काय लिहावे?

उत्तर : 'प्रभार' तिन्ही ठिकाणी काढा. जमिनीवर 'बोजा', प्रक्रियेसाठी 'शुल्क' किंवा 'आकार', आणि अधिकाऱ्याकडे 'कार्यभार'. आता यामागचे कारण. हा शब्द लॅटिनमधल्या गाड्याच्या नावावरून आला. गाड्यावर माल लादणे हा मूळ अर्थ. जहाजावरच्या मालाला 'कार्गो' म्हणतात तो याचाच भाऊबंद. लादलेले ओझे जमिनीवर असले की बोजा, माणसाच्या खांद्यावर असले की कार्यभार. मराठीने हीच प्रतिमा आपल्या शब्दांत आधीच ठेवली आहे, म्हणून नवा शब्द घडवण्याची गरज नाही. 'आरोप'सुद्धा याच घरातला : संस्कृतात आरोप म्हणजे वर चढवणे, वर ठेवणे. झाडाच्या आरोपणात आणि दोषाच्या आरोपात क्रिया तीच आहे.

भर, जमिनीबद्दल : अनुवादात सर्रास होणारी चूक म्हणजे चार्जला 'गहाण' म्हणणे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 मध्ये गहाण कलम 58 मध्ये आहे आणि बोजा कलम 100 मध्ये. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे जातो. बोज्यात तो जात नाही, मालमत्ता फक्त रक्कम वसूल होण्याची हमी म्हणून बांधली जाते. उदाहरण घ्या. विक्री झाली, मालकी खरेदीदाराकडे गेली, पण किमतीचा काही भाग द्यायचा राहिला. तेवढ्या रकमेसाठी त्या मालमत्तेवर विक्रेत्याचा बोजा राहतो. इथे कोणीही काही गहाण ठेवलेले नाही, त्यामुळे 'गहाण' लिहिले तर अर्थच बदलतो.

क्रियापदेही ठरलेली आहेत : बोजा चढवतात आणि उतरवतात किंवा कमी करतात. सातबाऱ्यावर तो 'इतर अधिकार' या रकान्यात दिसतो. कर्ज फिटले म्हणून नोंद आपोआप जात नाही. बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, तेव्हा बोजा उतरतो. करारात 'चार्ज रिलीज करणे' आले की 'बोजा कमी करणे' हेच लिहा, 'प्रभार मुक्त करणे' नको. शेतकरी ज्या शब्दाने तलाठ्याकडे जातो, तोच शब्द करारात असावा.

भर, पैशांबद्दल : या अर्थाची उत्तम मराठी पाहायची असेल तर महावितरणचे वीजबिल उघडा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. त्याच बिलात 'वीज शुल्क' वेगळ्या ओळीत आहे, कारण ते सरकारकडे जाते. आकार कंपनी घेते. 'दर' आणखी वेगळा : दर एका युनिटमागे असतो, युनिटांनी गुणल्यावर येणारी रक्कम म्हणजे आकार. 'दंड आकारला', 'व्याज आकारले' या रोजच्या वापरातही तोच धातू आहे. 'सर्व्हिस चार्ज'ला मात्र कधीही 'सेवाकर' म्हणू नका. सेवाकर हा खरा कर होता, 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा तो त्यात विरला. हॉटेल घेते तो सेवा आकार. त्याला कर म्हटले की गिऱ्हाईक तो देणे कायद्याने सक्तीचे समजते.

दुरुस्ती, कार्यभाराबद्दल : महाविद्यालयीन कागदात 'कार्यभार' म्हणजे शिक्षकाच्या वाट्याला आलेल्या तासिका. तिथे पदाच्या चार्जसाठी 'पदभार' बरा. आणि 'प्रभारी' जपून वापरा. 'प्रभारी मुख्याध्यापक' म्हटले की ऐकणारा तात्पुरता समजतो, इंग्रजी 'इन चार्ज'मध्ये तो तात्पुरतेपणा नाही. पोलीस ठाण्याचा 'प्रभारी अधिकारी' हा अपवाद, तिथे तो शब्द ठाण्याच्या प्रमुखालाच लागतो. एकाच वेळी दुसरे पद सांभाळायचे असेल तर 'अतिरिक्त कार्यभार' रुळलेला आहे.

भर, गुन्ह्याबद्दल : मूळ प्रश्नात हा अर्थ नाही, पण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 'आरोप' हा शब्द आपण दोन कामांना जुंपला आहे. सभेत एक पुढारी दुसऱ्यावर करतो तोही आरोप, आणि न्यायालय ठेवते तोही आरोप. न्यायालयाच्या बाबतीत 'दोषारोप' लिहावे. क्रमही लक्षात असू द्या. पोलीस तपास संपवून दोषारोपपत्र दाखल करतात. आरोपी कोठडीत असेल तर त्यासाठी 60 किंवा, गंभीर गुन्ह्यांत, 90 दिवसांची मर्यादा असते. ती उलटली तर जामिनाचा हक्क मिळतो. त्यानंतर न्यायालय कागद वाचून दोषारोप ठेवते, म्हणजेच बातम्यांतली 'आरोपनिश्चिती'. दोषारोपपत्र दाखल झाले त्याच दिवशी 'आरोप निश्चित' असा मथळा देणे चूक आहे : पहिले काम पोलिसांचे, दुसरे न्यायाधीशांचे, आणि मध्ये काही महिनेही जाऊ शकतात.

प्रश्न : मग 'प्रभार' कुठेच नको का? आणि मोबाइलच्या चार्जचे काय?

उत्तर : विज्ञानात 'प्रभार' हवाच. पूर्वी 'विद्युतभार' लिहीत, पण 'भार' लोडसाठीही लागतो : भारनियमन, बिलावरचा 'मंजूर भार'. मंजूर भार किलोवॅटमध्ये मोजतात, विद्युतप्रभार कूलोममध्ये. दोन राशींना एक नाव पडले की विद्यार्थी गणितात फसतो. मोबाइलच्या बॅटरीवर लिहिलेले 5000 मिलीअँपिअर-तास हा प्रभारच आहे : 5 अँपिअर गुणिले 3600 सेकंद, म्हणजे 18,000 कूलोम.

बोलताना मात्र 'फोन प्रभारित कर' कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. 'चार्जिंगला लाव' हे आता मराठीच आहे, आणि मराठीने त्याला स्वतःचे व्याकरण दिले आहे. 'चार्ज' पुल्लिंगी : चार्ज घेतला, चार्ज दिला. 'चार्जिंग' नपुंसकलिंगी, आणि अर्थ क्रियेवरून शिल्लक साठ्यावर सरकलेला : 'चार्जिंग संपलं'. उलट क्रियेला तर आपला जुना शब्द आहेच, 'बॅटरी उतरली'. बोज्यासारखीच तीही चढते आणि उतरते. एसीच्या 'गॅस चार्जिंग'साठी साधे 'गॅस भरणे' पुरते.

भर : लाठीचार्जला 'लाठीमार' पक्का झाला आहे. पण इतिहासाच्या अनुवादात घोडदळाचा चार्ज आला तर नुसता 'हल्ला' लिहू नका, त्यात वेग येत नाही. 'चाल करून जाणे' किंवा 'एल्गार' लिहा.