अनुभव धागा: तो प्रसंग डोक्यातून जात का नाही?

चित्रपटाच्या कामात मुरलेल्या मुंबईकरांसाठी हा धागा. आवडता एक प्रसंग घ्या आणि तो कसा उभा राहिला ते उकलून दाखवा. 'अभिनय जबरदस्त' एवढ्यावर सोडू नका. दिवा कुठे होता, कट कधी झाला, आवाज कुठून आला, ते लिहा.

कॅमेरा विभाग, अंधेरी

'शोले'मधला (१९७५) दिवे मालवण्याचा प्रसंग. राधा व्हरांड्यातला एकेक दिवा विझवत जाते, जय समोर बसून माउथ ऑर्गन वाजवतो. संवाद नाही. कॅमेरामन द्वारका दिवेचांनी तो सूर्य मावळल्यावर उरणाऱ्या उजेडातच टिपला, म्हणून एवढ्याशा प्रसंगाला कितीतरी संध्याकाळी लागल्या. सूर्य गेला की आकाशाचा उजेड भराभर उतरतो. आकाश आणि दिवा दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात घेतलेल्या उजेडाच्या प्रमाणात) बसतील अशी वेळ फार तर पंधरा-वीस मिनिटं मिळते. आधी घेतलं तर दिवा पेटलाय हेच कळत नाही, उशीर झाला तर घराची कड काळोखात बुडते.

हे करून बघायचं तर दुपारीच नटांच्या जागांच्या खुणा मारून ठेवा, ट्रॉलीचे रूळ टाका, तालीम उन्हातच उरका. उजेड उतरायला लागला की आधी वाइड (लांबून सगळा परिसर दाखवणारा शॉट), कारण त्याला आकाश लागतं. क्लोज (चेहऱ्याजवळचा) नंतर घेतला तरी छोट्या बल्बवर निभावतं. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा कशाला मानतो ते) ऑटोवर अजिबात नको, ४३०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास बांधून टाका. आकाश निळं राहतं, ज्योत पिवळी राहते. ऑटोवर शॉट चालू असतानाच रंग सरकतो आणि मग दोन शॉट काही केल्या जुळत नाहीत.

आर्ट विभाग, गोरेगाव

माझ्या मते 'मुघल-ए-आझम'चा (१९६०) शीशमहल, म्हणजे आरशांचा महाल. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत लागलेला सेट. बहुतेक चित्रपट कृष्णधवल आणि इथलं 'प्यार किया तो डरना क्या' हे गाणं रंगीत, त्यामुळे पडदा अचानक उजळतो. पण खरी कसोटी आरशांची होती. दिवा लावला की प्रत्येक तुकड्यात त्याचा पांढरा ठिपका. काच मंद करायला मेण लावून पाहिलं, तर चमकच गेली. कॅमेरामन आर. डी. माथुर यांनी तोडगा काढला तो कापडावरून उजेड उसळवण्याचा. थेट दिवा आरशात टोचणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, तोच कापडावर पसरला की मऊ पांढरा पट्टा होतो.

हीच अडचण आज साध्या बेडरूमच्या सेटवर ड्रेसिंग टेबलाच्या आरशात येते. उपाय स्वस्त आहे. आरशाच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सरकवा. आरसा दोन-तीन अंश खाली झुकला की कॅमेरा आणि युनिट प्रतिबिंबातून बाहेर जातं. त्याहून जास्त झुकवू नका, नाहीतर फरशी दिसायला लागते आणि नटाचा चेहरा कापला जातो. कॅमेऱ्यापुढे काळं कापड, त्याला लेन्सपुरतं भोक. दिवा थेट न मारता थर्माकोलवर मारा. पट्टा तरीही दिसलाच तर थर्माकोल मोठा घ्या आणि आरशापासून लांब न्या. डलिंग स्प्रे (चमक मारणारा फवारा) अगदी शेवटी, तोही कडेवर. मधोमध मारला तर काच धुरकट दिसते.

साउंड, मालाड

'फँड्री' (२०१३). डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबतं. राष्ट्रगीत इथे पार्श्वसंगीत नाही. ते शाळेतून येतंय, या माणसांपर्यंत पोचतंय, आणि त्या अंतरातच प्रसंगाचा सगळा अर्थ आहे. तेच स्वच्छ, भरघोस लावलं असतं तर प्रेक्षकाचा ऊर भरून आला असता आणि काम बिघडलं असतं.

लांबचा आवाज नुसता व्हॉल्यूम कमी करून होत नाही. ३०० हर्ट्झच्या खालचं आणि तीन-चार हजारांच्या वरचं कापा. त्याहून चांगलं म्हणजे साध्या भोंग्यावर वाजवून मोकळ्या मैदानात लांबून पुन्हा रेकॉर्ड करा. भिंतींची उसळी आणि वाऱ्याचं डुलणं आपोआप येतं. धावणारी पावलं एकदम तोडू नका, शेवटची दोन-तीन वेगवेगळी थांबू द्या. फोलेत (पावलांसारखे आवाज नंतर स्टुडिओत करून भरण्यात) सगळ्यांचे पाय एकाच फ्रेमवर थांबले की कवायत वाटते.

'सैराट'चा (२०१६) शेवटही इथेच लिहितो. आपल्या कामात ट्रॅक कधीच कोरा सोडत नाहीत. प्रत्येक जागेचा निदान अर्धा मिनिट रूम टोन (कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज) घेतात, कारण ट्रॅक कोरा पडला की स्पीकर गेल्यासारखं वाटतं. तिथे मात्र आवाज मुद्दाम काढून घेतलाय. ते अंगावर येतं, कारण त्याआधी चहाची, बोलण्याची साधी वर्दळ कानाला सवयीची झालेली असते. आधी भरपूर ऐकवल्याशिवाय शांततेला वजन येत नाही.

संकलक, वर्सोवा

साउंडवाल्यांचं शेवटचं वाक्य संकलनालाही लागू आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये कामकाज संपतं, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि शॉट काळोखातही चालू राहतो. नेहमीचा कट शेवटच्या माणसाच्या पाठीवर आला असता. आउट पॉइंट (शॉट जिथे तोडायचा ती जागा) ठरवताना तीन आवृत्त्या काढा: हालचाल संपल्यावर लगेच, दोन सेकंदांनी, सहा सेकंदांनी. बघा मात्र मोठ्या पडद्यावरच. लॅपटॉपवर एका नजरेत फ्रेम संपते, म्हणून लांब शॉट उगाच ताणल्यासारखा वाटतो आणि हात कात्रीकडे जातो.

लाइट विभाग, कांदिवली

पाऊस कुणीच घेतला नाही? 'श्री ४२०' (१९५५), एका छत्रीतले दोघं. पावसाचे थेंब समोरच्या उजेडात दिसत नाहीत, मागून दिवा आणि पाठीला काळोख लागतो. खरा मुसळधार पाऊससुद्धा बॅकलाइट नसेल तर कॅमेऱ्यात नुसतं धुकं. टँकर आणल्यावर पाणी तीन थरांत पाडा: लेन्सजवळ विरळ, नटांवर मध्यम, मागे दाट. छत्रीखाली चेहरा काळा पडतो, म्हणून खालून किंवा बाजूने छोटा बाउन्स (पांढऱ्यावरून उसळवलेला उजेड) द्या. मागे दुकानांच्या ट्यूबलाइट असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला २४ फ्रेम घेताना १/४८ ठेवलं तर पट्टे लुकलुकतात.

प्रोजेक्शन, दादर

'कागज के फूल' (१९५९), आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचा सिनेमा. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांनी आत आणलेला तो उन्हाचा झोत सगळे सांगतात, पण माझ्या डोळ्यांपुढे राहते ती नायक-नायिकेमधली मोकळी जागा. टीव्हीवर 'झूम' चालू असेल तर पडद्याच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि नेमकी ती जागा आकसते. वर-खाली काळे पट्टे येऊ द्या. सेटिंगमध्ये चित्र 'मूळ आकार' ठेवा, मोशन स्मूदिंग (टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम घालतो ती सोय) बंद करा, फिल्म किंवा सिनेमा मोड निवडा. ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा खोलीतला दिवा बंद करा. ब्राइटनेस वाढवला की काळा रंग करडा होतो आणि झोत दिसेनासा होतो.