४के टीव्ही घेतल्यावर वरून वेगळी स्टिक कशाला?

भिंतीवरचापडदा:
आज दुकानात ४३ इंचांच्या पुढचा जवळपास प्रत्येक टीव्ही ४केच, म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेलचाच, असतो. नेटफ्लिक्स, प्राइम, यूट्यूब त्यात आधीच असतं. तरी कुठेही सल्ला विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: 'टीव्ही कुठलाही घ्या, वर ४के स्टिक लावा.' स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचायचं, हीच अ‍ॅपं चालवणारं छोटं यंत्र. तिचे पाच-सहा हजार. अ‍ॅपलचा २०२२ चा बॉक्स घ्यायचा तर १४,९०० पासून सुरुवात. बहुतेक घरांत हा पैसा वाया जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

नेटफ्लिक्ससारख्या सेवेकडून एचईव्हीसी किंवा एव्ही१ पद्धतीने आवळून येणारा व्हिडिओचा प्रवाह टीव्हीतल्या चिपने उलगडला काय नि स्टिकमधल्या चिपने काय, पिक्सेल तेच. उलट टीव्हीतल्या अ‍ॅपला एचडीएमआयची भानगडच नसते. केबल सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी आहे का, मधल्या रिसीव्हरला (आवाजाच्या यंत्राला) एचडीसीपी २.२ हे कॉपी रोखणारं कुलूप कळतं का, पोर्टची सेटिंग बदलली का, यातलं काही बघावं लागत नाही. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र, आपोआप लागतं, आपोआप जातं. आवाजाचंही तेच: डॉल्बी डिजिटल प्लसमधला अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज) साध्या एआरसीवरून, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय पोर्टवरून, साउंडबारला पोचतो.

आणि बॉक्स पॅनेलला, म्हणजे खुद्द पडद्याला, नवी क्षमता देत नाही, हे कोणी सांगतच नाही. सॅमसंगच्या टीव्हीला डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार चालत नाही. त्याला डॉल्बी व्हिजनवाली स्टिक लावली तरी चित्र साध्या एचडीआर१० मध्येच दिसणार. तेच पाच-सहा हजार टीव्हीतच घाला आणि एक पायरी वरचं पॅनेल घ्या.

तारजोडणी:
शेवटचं वाक्य मान्य, बाकीचं नाही. ज्या किमतीच्या टीव्हीबद्दल आपण बोलतोय त्यांत दीड-दोन जीबी रॅम असते आणि ८ जीबी साठवण. त्यातली बरीचशी जागा सिस्टिमच खाते. दोन वर्षांत अ‍ॅपं फुगतात, मग अपडेटला जागा नाही, मेनू उघडायला दहा सेकंद, मधूनच अ‍ॅप बंद. पॅनेल मात्र ठणठणीत. चांगला चालणारा पडदा केवळ डोकं म्हातारं झालं म्हणून भंगारात घालायचा का? त्यापेक्षा डोकं बदला.

सेवाही जुन्या टीव्हींना सोडून देतात. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स २०१०-११ च्या काही सॅमसंग टीव्हींवर बंद झालं. त्यांच्या मालकांना स्टिक हाच उपाय होता.

आणखी एक. तुमच्या टीव्हीमागचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची तार लावायचं, ते बघा. अनेक मॉडेलांत ते १०० मेगाबिटचंच असतं. स्ट्रीमिंगला पुरतं, पण घरच्या डिस्कवरून ४के ब्लू-रेच्या मूळ दर्जाची फाइल चालवायची तर नाही. त्या तबकडीचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जातो. तिथे ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय तारेपेक्षा सरस ठरतं. अ‍ॅपलच्या १२८ जीबीच्या बॉक्सला गिगाबिट पोर्ट आहे, ६४ जीबीच्याला लॅन पोर्टच नाही. घेताना हे बघून घ्या.

भिंतीवरचापडदा:
२०१०-११ च्या टीव्हीचं उदाहरण आज कशाला? सॅमसंगने २०२४ पासूनच्या टीव्हींना आपल्या टायझन सिस्टिमची सात वर्षं अपग्रेड कबूल केली आहेत, एलजी पाच वर्षांत आपल्या वेबओएस सिस्टिमची चार अपग्रेड देतं. आणि स्टिक काय अमरपट्टा घेऊन येते? तिचीही रॅम २ जीबीच. चार वर्षांनी तीही रखडणार, मग पुन्हा पाच-सहा हजार.

ब्लू-रेच्या फाइली घरच्या डिस्कवरून पाहणारे किती? त्यांनी बॉक्स खुशाल घ्यावा. सगळ्यांना तोच सल्ला का?

पन्नासहर्ट्झ:
'पिक्सेल तेच' हे खरं. पण ते पिक्सेल पडद्यावर कधी येतात, हा अर्धा खेळ आहे आणि त्यावर दोघेही गप्प.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. आपल्याकडचं प्रक्षेपण २५ किंवा ५०. मोबाइलवर काढलेले यूट्यूब व्हिडिओ बहुधा ३० किंवा ६०. बरेच बॉक्स पेटीतून काढून लावले की कायम ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, बाहेर टाकतात. २४ फ्रेम ६० मध्ये बसवायच्या तर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा. म्हणजे एक ३३ मिलिसेकंद दिसते, दुसरी ५०. कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरत असेल तर कडा लंगडत पुढे सरकताना स्पष्ट दिसते. क्रिकेटचं आणखी वाईट: ५० चे ६० करताना दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा चेंडू जागीच थबकतो. मग लोक ओरडतात, 'नेट स्लो आहे.' नेटचा काही संबंध नसतो.

उपाय सेटिंगमध्येच आहे. अ‍ॅपलच्या बॉक्सवर सेटिंग्ज, व्हिडिओ अँड ऑडिओ, तिथे फॉरमॅट '४के एसडीआर' (म्हणजे एचडीआर नसलेलं साधं चित्र) ठेवा आणि 'मॅच कंटेंट'मधली डायनॅमिक रेंज आणि फ्रेम रेट ही दोन्ही बटणं चालू करा. फॉरमॅट एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनवर कायम ठेवलात तर बॉक्स मेनूसकट साध्या मालिकाही एचडीआरमध्ये ढकलतो. चेहरे भडक होतात, टीव्ही पूर्ण उजेडावर राहतो. फायर टीव्हीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' आहे. बदल होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. तो दोष नाही, एचडीएमआयची नवी जुळणी चाललेली असते. पण सगळी अ‍ॅपं ही सेटिंग जुमानत नाहीत, तिथे हात टेकायचे.

तेव्हा निकाल असा: सेटिंग न करता लावलेल्या बॉक्सपेक्षा चांगल्या टीव्हीतलं अ‍ॅप बरं. नीट लावलेला बॉक्स स्वस्त अँड्रॉइड टीव्हीपेक्षा बरा, कारण अशा टीव्हींतली अ‍ॅपं अनेकदा स्वतःही ६० लाच चिकटून असतात. पॅनेल १२० हर्ट्झचं असेल तर चोवीसचा प्रश्न मिटतो, प्रत्येक फ्रेम सरळ पाच वेळा.

खुर्चीतेपडदा:
सगळी चर्चा वाचली. टेप घेऊन खुर्ची ते पडदा अंतर मोजा असं मात्र कोणी म्हणालं नाही.

नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यावरची ६/६ नजर एक कोनीय मिनिटाएवढा बारकावा वेगळा ओळखते. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंमी, १९२० ने भागलं तर फुल एचडीचा एक पिक्सेल ०.६३ मिमी. हा पिक्सेल सुमारे २.२ मीटरच्या, म्हणजे सव्वासात फुटांच्या पलीकडून वेगळा दिसत नाही. ४३ इंचांना ही मर्यादा साडेपाच फूट, ६५ इंचांना साडेआठ. आता वन बीएचकेचा हॉल आठवा. सोफा एका भिंतीला, टीव्ही समोरच्या, मध्ये दहा फूट. त्या अंतरावर ४३ इंची टीव्हीवर ८३ लाख पिक्सेल असले काय नि त्याच्या चौथाई असले काय, डोळ्याला फरक नाही. स्टिक की टीव्ही हा वाद या घरात नाकापेक्षा मोती जड आहे.

पन्नासहर्ट्झ:
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. ४के प्रवाहाबरोबर दोन गोष्टी येतात ज्या अंतराला जुमानत नाहीत: एचडीआर आणि जास्त बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा. अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवर दिसणारे पट्टे, धुरातले चौकोन दहा फुटांवरूनही दिसतात, आणि ते पिक्सेलच्या संख्येमुळे नव्हे, आवळलेल्या बिटरेटमुळे येतात. किती तरी सिनेमांची अंतिम प्रत २के मध्येच, म्हणजे २०४८ पिक्सेल रुंदीवर तयार झालेली आहे. त्यांच्या ४के आवृत्तीत बारकावा फारसा वाढत नाही, पण एचडीआरचा उजेड-अंधार खरोखर वेगळा असतो.

अर्थात त्यासाठी पॅनेलमध्ये दम हवा. एचडीआर सिनेमे बहुधा १००० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून बनवतात. ३०० निट्सच्या टीव्हीवर खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, एवढंच.

खुर्चीतेपडदा:
म्हणजे परत पॅनेलवरच आलो. ३०० निट्सवाल्याला ना स्टिकचा उपयोग ना बॉक्सचा. मी तेच म्हणतोय.

बफरिंगबुवा:
पॅनेल, पिक्सेल सगळं ठीक. तक्रारींचा मोठा वाटा मात्र इथे असतो:

प्लॅन. नेटफ्लिक्सचा ४९९ चा प्लॅन १०८०पीवर, म्हणजे फुल एचडीवर, थांबतो, ४के फक्त ६४९ च्या प्रीमियमला. कित्येकांचा '४के दिसत नाही' हा प्रश्न इथेच सुटतो. बारा आण्याचा मसाला आणला आणि कोंबडीच नाही.

वीज. स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालवू नका. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतं, स्टिकला किमान एक लागतो. मेनू चालतो, साधा व्हिडिओही चालतो, आणि ४के सुरू झालं की स्टिक आपोआप रीस्टार्ट. लोक स्टिक बदलून आणतात, खरं तर बरोबर आलेला अडॅप्टर खोक्यात पडलेला असतो.

जागा. स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीला चिकटून, पुढे भिंत. वाय-फायचा सिग्नल तिथेच मरतो. बरोबर येणारा बोटभर एचडीएमआय एक्स्टेंडर फेकायला नसतो, तो लावून स्टिक कडेला आणा. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी ठेवा आणि स्टिकला ५ वरच जोडा. सोसायटीत पंधरा-वीस राउटर २.४ वर भांडत असतात.

वेग. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ मेगाबिट सांगतं. ३० चा प्लॅन एका पडद्याला पुरतो, पण आतल्या खोलीत दुसरा ४के सुरू झाला की दोन्ही काठावर. तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, त्यामुळे ब्रॉडबँड प्लॅनची महिना ३३०० जीबीची मर्यादा संपवायला ४७० तास बघावं लागेल. ती काळजी सोडा.

तपासायचं कसं? यूट्यूबवर ४के व्हिडिओ लावून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. रिझोल्यूशन ३८४०×२१६० आणि कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत) व्हीपी९ किंवा एव्ही०१ दिसला तर ठीक. तिथे एव्हीसी दिसला तर तुम्ही १०८०पी किंवा त्याखालीच आहात.

भिंतीवरचापडदा:
बुवा, तुमच्या यादीतली वीज आणि जागा ही दोन्ही दुखणी स्टिकचीच आहेत. टीव्हीतल्या अ‍ॅपला ती नाहीत. माझ्याच बाजूने लिहिलंत, धन्यवाद.

तारजोडणी:
टीव्हीचं वाय-फाय काय छपरावर असतं? त्याचा अँटेनाही त्याच पाठीमागे, आणि तुम्हाला तो हलवताही येत नाही.

एका बाबतीत मात्र आपलं एकमत व्हावं. ऑनलाइन दोन-अडीच हजारांना '८के अल्ट्रा' लिहिलेले अनामिक अँड्रॉइड बॉक्स मिळतात, ते कोणीही घेऊ नयेत. त्यांत बहुधा वाइडव्हाइन या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची खालची पातळी, एल३, असते आणि नेटफ्लिक्सची मान्यता नसते. खोक्यावर ८के, पडद्यावर ४८०पी. हाती पडल्या दिवशी 'डीआरएम इन्फो' अ‍ॅप टाकून बघा. सिक्युरिटी लेव्हल 'एल१' नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत परत. एल१ दिसलं तरी नेटफ्लिक्सची मान्यता वेगळी लागते, तीही विचारा.

भिंतीवरचापडदा:
हे शंभर टक्के मान्य.

झीमराठीएचडी:
घरात दिवसभर मराठी मालिकाच चालू असतील तर? त्या ४केत येत नाहीतच. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी एचडीत आहेत, तेवढंच.

पन्नासहर्ट्झ:
मग प्रश्न अपस्केलिंगचा, म्हणजे एचडी चित्र ४के पडद्यासाठी मोठं करण्याचा. बॉक्स कायम ४के बाहेर टाकत असेल तर चित्र मोठं करायचं काम बॉक्स करतो आणि टीव्हीच्या प्रोसेसरला ते आयतं मोठं होऊन मिळतं. चांगल्या टीव्हीचा अपस्केलर सहसा स्टिकपेक्षा सरस असतो, त्यामुळे मालिका टीव्हीतल्या अ‍ॅपवरूनच बघा. स्वस्त टीव्ही असेल तर दोन्हीकडे तोच भाग लावा आणि खालची अक्षरपट्टी जवळून पाहा. 'ष', 'क्ष'च्या पोटातल्या रेघा जिथे तुटक दिसत नाहीत, ते ठेवा. आणि मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, बंद करा. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. ते चालू असताना नटाच्या खांद्याभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं आणि दोष बिचाऱ्या वाहिनीला जातो.

तारजोडणी:
बॉक्स लावणाऱ्यांनी पोर्टची सेटिंग विसरू नये. सॅमसंगला 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीला 'एचडीएमआय डीप कलर', सोनीला 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ही बंद असली की बॉक्स ४के ६० हर्ट्झ एचडीआर देतच नाही, आणि टीव्ही काही बोलतही नाही. चालू केल्यावर पडदा लुकलुकू लागला तर केबल बदला. 'प्रीमियम हाय स्पीड' छापलेली दोन मीटरची पुरे, सोन्याचा मुलामा दिलेली पाच हजारांची नको.

भिंतीवरचापडदा:
आणि टीव्हीतल्या अ‍ॅपला यातलं काय करावं लागतं?

तारजोडणी:
काही नाही. पाच वर्षांनी विचारा.