बाथरूमचं कोटेशन आयटम पाडून द्यावं का?

मुलुंडचा ठेकेदार
मंडळी, मुलुंड-भांडुप पट्ट्यात मी बाथरूम-किचनची कामं घेतो. आजवर एकच आकडा सांगायचो, बाथरूम पूर्ण इतके इतके. आता जो तो म्हणतो ब्रेकअप द्या. दिला की काय होतं ऐका. पूर्वेला एका जुन्या सोसायटीतल्या काकांना सिमेंट, रेती, टाइल्स, केमिकल, नळ, वायरिंग, मजुरी सगळं वेगवेगळं लिहून दिलं. काका तो कागद घेऊन थेट लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात! गीझर, एग्झॉस्ट, वायर, सगळ्याचे भाव काढून आले आणि माझ्या आकड्यांपुढे लाल पेनने फुल्या. वर विचारतात, सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, गोणीमागे किती सोडणार? अहो, एका बाथरूमला सिमेंट लागतं तरी किती! टाइल्स ते स्वतः आणणार, नळ मेहुणा आणणार. माझ्या वाट्याला राहिली तोडफोड आणि वॉटरप्रूफिंग. खालच्या घरात गळलं की फोन मात्र मलाच.
आणि नफा लिहायचा कुठे? वेगळा लिहिला की पहिली काट त्याच्यावरच बसते. तुम्ही काय करता?

पार्ल्याची गृहिणी
दादा, आमचीही बाजू ऐका. आम्ही सर्वांत स्वस्त कोटेशनवाल्याला काम दिलं. कागदावर एकच ओळ, 'बाथरूम रिनोव्हेशन लमसम'. डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, खाली उतरवायचे पैसे वेगळे, उंबऱ्याच्या ग्रॅनाइट पट्टीचे वेगळे, आतला भराव काढल्यावर नव्या कोब्याचे, म्हणजे जमिनीखालच्या सिमेंटच्या थराचे, वेगळे. बाथरूम फोडून झालेलं, माणूस बदलणार कसा? शेवटी सर्वांत महाग कोटेशनच्याही वर गेलो. मला तुमचा नफा बघायचाच नाही. कशाचे पैसे धरलेत आणि कशाचे नाहीत, एवढं कळलं तरी पुरे.

निवृत्त ओव्हरसियर
ठेकेदार साहेब, तुम्ही काकांना मालाची यादी दिलीत. द्यायची असते कामाची. सरकारी निविदेत सिमेंटची गोणी असा आयटम सहसा नसतो. 'भिंतीला टाइल्स बसवणे, मसाला, मजुरी, सांधे भरण्यासह, दर चौ. फूट' असा असतो. माल, मजुरी, नफा सगळं त्या एका दरात. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, दर विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरतात, पण ते विश्लेषण निविदेच्या कागदावर छापत नाहीत. तुमचंही तुमच्या वहीत राहू द्या.
उदाहरणाला 5 × 7 चं बाथरूम, टाइल्स 7 फुटांपर्यंत. चारी भिंतींचा घेर 24 फूट, म्हणजे 168 चौ. फूट. दरवाजाचे साडेसतरा वजा केले की 150, जमीन 35, एकूण 185. कापाकापी, तुटफूट 10 टक्के धरली तर टाइल्स मागवायच्या 204 च्या आसपास. पैसे मात्र 185 चे लावायचे. हे कागदावर असलं की दुसऱ्या ठेकेदाराचा कागद शेजारी ठेवता येतो. काकांना टाइल्स आणायच्या असतील तर आणू देत, बसवण्याचा दर वेगळा लिहा.
वॉटरप्रूफिंग मात्र एकच आयटम. भराव काढणे, कोबा, केमिकल, पाणी भरून तपासणी, सगळं एकत्र. त्यातलं केमिकल गिऱ्हाइकाने आणायचं म्हटलं तर हमी देऊ नका.

घाटकोपर इंटिरियर
ओव्हरसियर काकांचं म्हणणं बरोबर, पण मोजमाप घेऊन असा कागद करायला माझा अर्धा दिवस जातो आणि तो कागद दाखवून लोक दुसऱ्याकडून रेट पाडून घेतात. मी आधी अंदाज तोंडी सांगतो. सविस्तर हवं असेल तर व्हिजिटचे पैसे घेतो, काम मिळालं की बिलातून वजा. फुकट्या माणसाची गाडी तिथेच थांबते.

मुलुंडचा ठेकेदार
व्हिजिटचे पैसे आमच्याकडे कोणी देईल असं वाटत नाही, पण टाकून बघतो. ओव्हरसियर काका, भराव काढल्याशिवाय खाली पाइप किती सडलाय ते दिसत नाही. तो आयटम कसा लिहू?

निवृत्त ओव्हरसियर
फक्त दर लिहा, प्रमाण रिकामं ठेवा. 'जुना पाइप बदलणे, दर रनिंग फूट, प्रत्यक्ष मोजून.' उघडल्यावर गिऱ्हाइकाला उभं करून टेप लावा, फोटो काढा. डेब्रिजला दर गोणीमागे, मजला लिहून. लिफ्ट वापरू देतात का, ठोकाठोकीची वेळ काय, हे सोसायटीत आधी विचारा. मजुरी त्यावरच चढते. आणि 18 टक्के जीएसटी धरून की वेगळा, हे पहिल्याच पानावर.

पार्ल्याची गृहिणी
असा कागद देणारा कोणी पार्ल्यात येत असेल तर कळवा. आमचं दुसरं बाथरूम अजून बाकी आहे.